रविवारपुरतं घट्ट रक्त

जगदीश पोतनीसच्या हृदयात कार्बनची एक झडप आहे. खोली शांत असली की तिची टिकटिक बाहेर ऐकू येते. नव्या पाहुण्यांना वाटतं, याच्या मनगटावर जुनं घड्याळ असेल. जगदीश घड्याळ घालत नाही.

मूळची झडप भुसावळला खराब झाली. तेव्हा तो शाळेत होता. घसा सुजला, ताप आला, मग गुडघे सुजले, मग सगळं बरं झालं असं घरातल्यांनी ठरवलं. ते दुखणं हृदयात जाऊन बसलं आणि कितीतरी वर्षं काही बोललं नाही. मधल्या काळात जगदीश डेअरी टेक्नॉलॉजी शिकायला न्यूझीलंडला आला आणि राहिला. लग्न करून विनयाला घेऊन आला, हॅमिल्टनला घर घेतलं, ईशा झाली. दर उन्हाळ्यात तो इथल्या भारतीयांच्या क्लबात विकेटकीपर म्हणून उभा राहायचा. एका शनिवारी ओव्हर संपली आणि त्याला बसल्या जागेवरून उठता येईना. स्लिपमधला म्हणाला, "अरे, पलीकडे जाऊन बसायचंय आता." जगदीशकडे उत्तर देण्याइतका श्वास नव्हता.

हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवर एक माओरी तरुण होता. त्याची झडपही लहानपणच्या घशानेच खाल्लेली. "सेम ॲज मी, ब्रो," तो म्हणाला, आणि ऑपरेशनला नेईपर्यंत दोघं कसल्याशा मासेमारीच्या कार्यक्रमाकडे बघत राहिले.

नव्या झडपेबरोबर एक गोळी आली, आयुष्यभरासाठी. रोज संध्याकाळी घ्यायची. ती रक्त पातळ ठेवते. रक्त घट्ट झालं तर झडपेवर गुठळी धरते, गुठळी सुटून मेंदूत गेली की संपलं. आणि रक्त पातळ असल्यामुळे डोक्याला जोराचा मार लागला तर आतला रक्तस्राव थांबत नाही, म्हणजे तिकडूनही संपलं. दोन्ही बाजूंना दरी, मध्ये पायवाट. ती पायवाट एका आकड्यात मोजतात. दर महिन्याला फार्मसीत जाऊन बोट टोचायचं, थेंबभर रक्त यंत्रावर ठेवायचं, आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये आला की घरी जायचं.

क्रिकेट बंद झालं. विनया बालवाडीत शिकवते. तिथे टेबलांच्या कोपऱ्यांना लावतात ते रबर तिने घरच्या टेबलांनाही आणून लावलं. पालेभाजीने रक्त घट्ट होतं असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून घरात बुधवारी पालक, तोही एक वाटी, ना कमी ना जास्त. अळू बंद. मेथी बंद. ईशा शिकायला डनिडिनला गेली तेव्हा जाताना बापाला म्हणाली, "बी केअरफुल, बाबा." ती मराठी समजते, बोलत नाही. घरातल्या बाईने, मुलीने, शेजाऱ्याने, सगळ्यांनी एकच वाक्य म्हटलं की माणूस ते ऐकेनासा होतो, आणि त्याचं शरीर मात्र ते ऐकत राहतं. जगदीश जिना उतरताना कठडा धरायला लागला. पन्नाशीसुद्धा आली नव्हती.

नोकरी हॅमिल्टनच्याच ‘ते रापा’ नावाच्या भागातल्या दुधाच्या कारखान्यात. दुधाचा फवारा ड्रायर नावाच्या उंच टाकीत गरम हवेत सोडतात, तो खाली येईपर्यंत पावडर होतो. जगदीश कंट्रोल रूममध्ये बसून पडदा बघतो. पावडरीत ओल वाढली की तापमान चढवायचं, ओल कमी झाली की उतरवायचं. थोड्या वेळात आकडा जागेवर येतो. आकडा आपलं ऐकतो, ही खात्री त्याच्या अंगात भिनली होती.

कारखान्याच्या लॅबमध्ये सुशील नावाचा नाशिकचा मुलगा आहे. मुलगा म्हणजे आता तेहतिशीचा. वायकाटो विद्यापीठात शिकायला आला आणि इथलाच झाला. यंत्रं दुरुस्त करायला बाहेरून जो फिटर येतो त्याचं नाव इन्याकी. तो बास्क, स्पेनच्या उत्तरेकडच्या समुद्रकाठचा. एका जेवणाच्या सुट्टीत त्याने गाडीतून एक वस्तू काढून आणली. वेताने विणलेली, लांब, पन्हळीसारखी खोलगट, टोकाला नखासारखी वळलेली.

"दादा, हे तर लांबवलेलं सूप आहे," सुशील म्हणाला.

"सेस्ता," इन्याकी म्हणाला. "टोपली. अशा चार आणल्या तेव्हा विमानतळावर पकडून ठेवल्या होत्या. झाडापासून बनलेली वस्तू, त्यात किडे असतील म्हणे. मी सांगितलं, किडे नाहीत, माझ्या गावची माणसं आहेत यांत."

खेळाचं नाव हाय-अलाय. इन्याकीच्या भाषेत त्याचा अर्थ आनंदाचा उत्सव. ते रापातच एक रिकामं गोदाम त्याने भाड्याने घेतलं होतं आणि दर रविवारी दुपारी तिथे सात-आठ माणसं जमायची. सुशील त्यांतला एक. "नुसतं बघायला चला," तो जगदीशच्या मागे लागला. "घरी बसून झाडांना पाणीच घालणार ना?"

विनयाला जगदीशने सांगितलं, सुशीलचा कसलासा बॉलचा खेळ आहे, बघून येतो. ते खरं होतं.

गोदामाची समोरची भिंत जाड काँक्रीटची, रंग हिरवा, त्यावर चेंडूच्या माराचे राखाडी ठसे. डावीकडे गोदामाच्या लांबीइतकी दुसरी भिंत. मागे तिसरी. उजवी बाजू मोकळी, तिथे जाळी, जाळीमागे बाकं. दोन-दोन जणांच्या जोड्या, एक पुढे, एक मागे. टोपली प्रत्येकाच्या उजव्याच हाताला. डावखुऱ्यालाही उजव्याच हाताने खेळावं लागतं, कारण भिंत डावीकडे आहे. एकाने चेंडू समोरच्या भिंतीवर मारायचा. परत आला की दुसऱ्या जोडीने तो हवेत किंवा एका टप्प्यावर टोपलीत घ्यायचा आणि त्याच झोक्यात पुन्हा भिंतीवर फेकायचा. थांबायचं नाही. चेंडू टोपलीत क्षणभर जरी विसावला तरी गुण गेला.

चेंडू जगदीशने हातात घेऊन पाहिला. रबराचा गाभा, त्यावर घट्ट दोरा, वर बकऱ्याच्या कातड्याची दोन वेष्टणं. क्रिकेटच्या चेंडूहून लहान आणि त्याच्याहून कितीतरी कडक. मोठ्या मैदानांत तो मोटारवेवरच्या गाडीच्या दुप्पट वेगाने जातो, इन्याकी म्हणाला. "इथे लांबी कमी आहे. इथे तो फक्त तुझा जबडा मोडेल."

मग सगळ्यांनी हेल्मेट घातली आणि खेळ सुरू झाला. जगदीशला चेंडू दिसलाच नाही. आधी आवाज आला, कोणीतरी मोठी फळी मोडल्यासारखा, आणि मग सुशील भिंतीवर चढून खाली येताना दिसला. विकेटमागे उभं राहून ज्याने इतकी वर्षं चेंडूच पाहिला, त्याच्या डोळ्यांना चेंडू चुकवून जात होता. जगदीश बाकावर पुढे सरकला.

"तुझा कुठला खेळ?" मधल्या वेळात इन्याकीने विचारलं.

"क्रिकेट. विकेटकीपर."

"मग तुझीच मला भीती. क्रिकेटवाले हाताने झेलतात." त्याने आपला उजवा पंजा दाखवला, करंगळी भलतीकडे वळलेली. "मला एक पंच हवाय. मैदानात उभा राहणारा. रेषेवर बघायचं, चेंडू आत की बाहेर. हातात टेनिसची रॅकेट देईन, ती तोंडासमोर धरायची. खेळायचं नाही, उभं राहायचं. राहशील?"

"राहीन."

"डोळे ठीक? हृदय? काही गोळ्या? मी सगळ्यांना विचारतो. इथे खोटं बोललं तर ते मला फेडावं लागतं."

"काही नाही," जगदीश म्हणाला.

एवढं सोपं होतं. गेल्या पाच वर्षांत त्याला कोणी प्रश्न म्हणून हे विचारलं नव्हतं; सगळे उत्तर माहीत असलेलेच भेटत होते.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी चेंडू डाव्या भिंतीवरून तिरका सुटला आणि त्याच्याकडे आला. रॅकेट उजव्या हातात होती, तोंडासमोर, अगदी सांगितल्याप्रमाणे. डावा हात त्याने उचलला नाही; तो उचलला गेला. चेंडू तळहातात येऊन बसला. वेग निम्मा मेला होता म्हणून हाड वाचलं. सुशीलने टोपली बडवून दाद दिली. इन्याकी हसला नाही.

संध्याकाळपर्यंत तळहात जांभळा झाला, रात्री मनगट, सकाळी कोपरापर्यंत काळी-निळी शाई ओतल्यासारखं. कातडी ताणून चकाकत होती. "ड्रायरचं दार लागलं," तो विनयाला म्हणाला. तिने बर्फ लावला. लावताना तिचे ओठ हलत होते. जगदीश बोटं हलवून बघत होता. हे डोक्याला लागलं असतं तर, हा विचार त्याला आला आणि गेला नाही. कामावर, गाडीत, आंघोळीला उभा असताना तो आपल्या कवटीच्या आत बघायचा. तिथे शाई पसरत असायची.

शहाण्या माणसाने इथे गोदाम सोडलं असतं. जगदीशने दुसरा मार्ग काढला, आणि तो त्याला शहाणपणाचाच वाटला.

मार रविवारी लागण्याची शक्यता. मग रविवारी रक्त थोडं घट्ट हवं, बाकी आठवडा पातळ चालेल. गोळीने रक्त पातळ होतं, पाल्याने घट्ट. म्हणजे दोन्ही खटके आपल्या हातात आहेत. ओल वाढली, तापमान चढव. ओल उतरली, तापमान उतरव. तो रोज हेच करत होता.

मागच्या अंगणात सिल्व्हरबीट होतं. ती पालकाची दांडगी इंग्रजी बहीण हिवाळ्यातही थांबत नाही. गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी तो विनयाच्या आधी उठून जुडी कापायचा, कामावर नेऊन मायक्रोवेव्हमध्ये उकडायचा आणि मीठ टाकून डबाभर खायचा. रविवार संध्याकाळपासून बंद. बुधवारची पालकाची वाटी विनयासमोर, शहाण्या मुलासारखी.

"दादा, गाय झालात काय?" सुशील कँटीनमध्ये म्हणायचा. "जपून. ज्या कारखान्यात आहात, तिथे कोणी बादली घेऊन येईल."

"फायबर असतं त्यात."

"हीप्स ऑफ फायबर. पण तोंड बघा तुमचं. औषध घेतल्यासारखं."

रक्त घट्ट आहे म्हटल्यावर धीर आला, आणि धीर आल्यावर एका रविवारी, एक खेळाडू कमी होता म्हणून, त्याने टोपली बांधून घेतली. टोपलीच्या मुळाशी कातड्याचा हातमोजा शिवलेला असतो. त्यात हात घालायचा आणि लांब फीत मनगटाभोवती फिरवत, आवळत न्यायची, टोपली हाताचाच भाग होईपर्यंत. पहिले चेंडू निसटले. मग एक आला, टोपलीच्या पोटातून सरसरत टोकापर्यंत गेला, आणि त्याच्या खांद्याने काही न विचारता तो परत भिंतीवर सोडला. फळी मोडल्याचा आवाज या वेळी त्याच्यापासून सुरू झाला होता. त्याला कठडा धरणारा माणूस आठवला. त्या माणसाची त्याला किळस आली.

दर महिन्याच्या तपासणीआधी तो आठवडाभर पाला बंद ठेवायचा. आकडा पायवाटेवर यायचा. फार्मसीतली कौमुदी साताऱ्याची. ती बोट टोचता टोचता विचारायची, "काका, कुठे पडलात, लागलं, नाकातून रक्त?" आणि तो म्हणायचा, "छे." तिच्या काका म्हणण्याचा त्याला राग यायचा. त्याहून जास्त राग त्या प्रश्नाचा, कारण तो विचारताना ती खरोखर त्याच्या तोंडाकडे बघायची.

ऑक्टोबरात वेलिंग्टनचा संघ यायचा होता. त्यात जॉन्सनव्हिलचा एक इंद्रनील होता, सुशीलचा जुना रूममेट. तो व्हॉट्सॲपवर रोज डिवचायचा. इन्याकीने स्वतःची जोडी जाहीर केली: मागे इन्याकी, पुढे जगदीश. जगदीशने ते दोनदा वाचलं. कोणी त्याच्या शरीराच्या भरवशावर काही ठरवलं, असं ऑपरेशननंतर झालं नव्हतं. तो आनंद रात्री अंथरुणात भीतीला जाऊन मिळाला. हे वेलिंग्टनवाले जोरात मारतात, सुशील म्हणाला होता. त्याने सिल्व्हरबीट रोज सुरू केलं. आणि शेवटच्या आठवड्यात, खात्री म्हणून, संध्याकाळची गोळी हातात घेऊन पुन्हा डबीत टाकली. एकदा. मग पुन्हा.

सामन्याआधीच्या शुक्रवारी कौमुदीचा फोन आला. तुमची तपासणी राहिली आहे काका, आज येताय ना, मी सहापर्यंत आहे.

यंत्रावर आकडा आला तो एक पूर्णांक तीन दशांश. कौमुदीने दुसऱ्या बोटाला टोचून पुन्हा पाहिलं. तोच.

"गोळ्या चुकल्या?"

"एखादी."

"एखादीने एवढं होत नाही. खाण्यात काही बदल? पालेभाजी?"

"नवरात्र होतं ना. उपवास केले. धान्य बंद, मग भाज्याच."

कौमुदीने कापूस दाबून धरला होता. तो तसाच राहिला. "उपवासाला पालक कोण खातं, काका? साबुदाणा म्हणाला असतात तर मी फसले असते." मग ती हसायची थांबली. "बघा, मला काय ते नका सांगू. पण या आकड्याला झडपेवर गुठळी धरू शकते. आजपासून पोटात इंजेक्शनं लागतील. मी आत्ता डॉक्टरांना फोन करते."

"सोमवारी केलं तर?"

"सोमवारी काय आहे?"

"सोमवारी काही नाही."

"मग रविवारी काय आहे?"

जगदीशने कापूस तिच्या हातातून घेतला. तिने त्याच्यासमोरच फोन केला. डॉक्टर म्हणाले, आत्ता पाठव, मी थांबतो. जगदीश "जातोच" म्हणाला, गाडीत बसला आणि घरी आला.

घरासमोर गाडी बंद करून बसल्यावर त्याला कळलं की भीतीने कूस बदलली आहे. इतके महिने तो कवटीतल्या शाईला घाबरत होता. आता तो शाई वाळण्याला घाबरत होता. त्या संध्याकाळी त्याने डबीतली गोळी घेतली आणि मग उघड्या डबीकडे बघत राहिला. पडद्यावर तापमान चढवलं की थोड्या वेळात फरक दिसतो. ही गोळी आज घेतली तर तिचा अर्थ चार-पाच दिवसांनी उमटणार, आणि आज रक्तात जे चाललंय तो गेल्या आठवड्यातल्या पाल्याचा हिशोब होता. तो कायम मागचं वाचून पुढचं चालवत होता. ड्रायर असा चालवला असता तर केव्हाच पेटला असता. हे त्याला समजलं, स्पष्ट समजलं, आणि तरी फोनवर क्लिनिकचं नाव चमकलं तेव्हा त्याने तो उपडा ठेवला. वेलिंग्टनची माणसं सकाळी निघणार होती.

शनिवारभर तो स्वतःला तपासत राहिला. सिग्नलला थांबला की आरशात हसून बघायचा, दोन्ही बाजू सारख्या हलतात का. नळाखाली दोन्ही हात धरून पाणी दोन्हीकडे सारखंच गार लागतंय का. "विनया" असं नाव मोठ्याने म्हणून बघितलं, जीभ जड नाही ना.

"काय रे?" ती आतून म्हणाली.

"काही नाही."

"मग हाक कशाला मारलीस?"

रविवारी दुपारी गोदामाची बाकं भरली होती. कोणी सॉसेज भाजत होतं, मुलं जँडल्स नावाच्या रबरी चपला घालून जाळीशी उभी होती. इंद्रनील येऊन हात मिळवून गेला. "दादा, हळू मारू का? वयाचा मान म्हणून."

"तू आधी टोपली सरळ धर," सुशील म्हणाला. तो आज पंच होता, रॅकेट घेऊन.

इन्याकीने जगदीशची फीत स्वतः आवळली. "आज घट्ट बांधतो. सैल टोपली चेंडू थुंकते." सामना पस्तीस गुणांचा. पहिले काही गुण जगदीशला आठवतच नाहीत, फक्त भिंत आणि आवाज. ते पुढे होते. मग मागे पडले. मग इंद्रनीलचा एक चेंडू हेल्मेटला घासून गेला आणि जगदीश तिथेच उभा राहिला, आत काही फुटलं का ते ऐकत. काही फुटलं नव्हतं. सव्वीस-सव्वीसला तो सर्व्हिस करायला गेला, डाव्या हाताने चेंडूचा टप्पा टाकला, आणि उजवा हात उचलताना तो हात त्याला जाणवलाच नाही.

टोपली दिसत होती. तिच्या आत बोटं असायला हवी होती. त्याने ती मिटायला सांगितली. काही कळलं नाही.

फीत घट्ट आहे. फीत घट्ट असली की हात बधिर होतो, सगळ्यांचा होतो, सुशील दर रविवारी हात झटकत असतो. किंवा गुठळी सुटली आहे. मेंदूत डाव्या बाजूला गेली की उजवा हात जातो, मग तोंड, मग बोलणं. दोन्ही गोष्टी आतून अगदी सारख्या जाणवत होत्या. चेंडू टप्पा खाऊन त्याच्या पायाशी लोळत गेला. गुण वेलिंग्टनला.

"फीत सोड," तो इन्याकीला म्हणाला. शब्द नीट आले, पण ते नीट आले हेही त्याला स्वतःचं मत वाटलं. "माझी फीत सोड. लवकर."

इन्याकीने त्याला बाकावर बसवलं. ओली झालेली गाठ निघेना. वेढे सुटायला वेळ लागत होता. जाळीपलीकडून इंद्रनील काहीतरी चेष्टेचं म्हणाला आणि कोणी हसलं नाही, कारण जगदीशचा चेहरा दिसत होता. शेवटचा वेढा सुटला. पंजा बाहेर आला, पांढरा, फितीच्या खुणा उमटलेला. जगदीश त्याच्याकडे दुसऱ्या कोणाचा असल्यासारखं बघत होता.

मग मुंग्या आल्या. आधी अंगठ्यात, मग सगळीकडे, इतक्या की त्याने डोळे मिटले. बोटं मिटली. उघडली. फीतच होती.

"ठीक?" इन्याकीने विचारलं. त्याने फीत पुन्हा हातात घेतली. "थोडी सैल बांधतो. एकच गुण गेलाय."

सगळे वाट बघत होते. काही बोलायची गरज उरली नव्हती. हात पुढे करायचा, बस. जगदीशने तो पुढे केलाही. आणि मग मागे घेतला.

"माझ्या हृदयात यंत्राची झडप आहे," तो म्हणाला. "रक्त पातळ ठेवायची गोळी घेतो मी. या आठवड्यात मुद्दाम चुकवली. शुक्रवारी डॉक्टरांनी बोलावलं होतं. गेलो नाही."

इन्याकी त्याच्यासमोर उकिडवा बसला होता. हातातली फीत त्याने बोटाभोवती गुंडाळली, पुन्हा सोडली.

"मी तुला विचारलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"तू माझ्या भिंतीसमोर उभा राहिलास. मी तुझ्या मागून मारतोय, तुझ्या डोक्याच्या एवढ्या जवळून." त्याने हाताने अंतर दाखवलं. "दर रविवारी."

"हो."

इन्याकी उठला. वेलिंग्टनवाल्यांना त्याने सामना सोडल्याचं सांगितलं. मग जगदीशकडे न बघता म्हणाला, "गाडीत बस." हॉस्पिटलपर्यंत जगदीश सीटवर बसून बोटं उघडमीट करत होता. सुशील मागे बसून विनयाला फोन करत होता, आणि काय काय सांगायचं ते त्याला कळत नसल्यामुळे फक्त, "वहिनी, तुम्ही या, ते बोलतायत, चालतायत, तुम्ही या," एवढंच म्हणत होता.

त्याला ठेवून घेतलं. औषधाची नळी लावली. दुसऱ्या दिवशी छातीवर सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं तेव्हा पडदा त्याच्याकडे पाठ करून होता. विनयाला तो दिसत होता, म्हणून तो विनयाकडे बघत राहिला. तिला त्यातलं काही समजत नव्हतं. तीही यंत्र चालवणाऱ्या बाईच्या तोंडाकडे बघत होती, आणि ती बाई कोणाकडेच बघत नव्हती.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं. झडपेला दोन पाकळ्या आहेत. एक नीट उघडते. दुसरी अडखळते, तिच्या मुळाशी काहीतरी धरायला लागलंय. बारीक आहे. औषधाने विरघळेल असं वाटतं. नाही विरघळलं तर छाती पुन्हा उघडावी लागेल. हात बधिर झाला तो याने नाही, तो फितीनेच. पण आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर काय झालं असतं, ते मला सांगता येत नाही.

पुढचे दिवस दोघांनी एका पाकळीच्या भरवशावर काढले. विनया शाळेतून थेट यायची. बोलायची ती गादीबद्दल, जेवणाबद्दल, ईशाच्या फोनबद्दल. सुशील एकदा येऊन खाली मान घालून बसून गेला. इन्याकी आला नाही. गुरुवारी पुन्हा यंत्र फिरवलं, आणि या वेळी त्या बाईने पडदा वळवून दाखवला. करड्या अंधारात दोन रेघा उघडत होत्या, मिटत होत्या. दोन्ही. विनयाने खुर्चीचा दांडा सोडला. तिच्या बोटांवर त्याचे वळ होते.

खोलीत परत आल्यावर ती म्हणाली, "आता सगळं सांग. पहिल्यापासून."

त्याने सांगितलं. गोदाम, पंच, तळहात, ड्रायरचं दार. सिल्व्हरबीटचं सांगताना त्याला वाटलं ती हसेल, किंवा चिडेल. ती ऐकत होती.

"रोज सकाळी कापायचास? मी उठायच्या आधी?"

"हो."

"मला वाटायचं गोगलगायी खातायत. मी त्यांच्यासाठी गोळ्या टाकल्या होत्या वाफ्यात."

"धुऊन खायचो."

ती खिडकीशी गेली. खाली गाड्यांची रांग होती.

"एक विचारते. त्या दिवशी हात बधिर झाला नसता, तर सांगितलं असतंस?"

जगदीशने उत्तर शोधलं. एक सोयीचं उत्तर लगेच हाताशी आलं होतं, सोमवारी सांगणारच होतो. ते जिभेवर आलं, आणि त्याने ते तिथेच थांबवलं.

"नाही," तो म्हणाला. "खेळलो असतो. जिंकलो असतो तर पुढच्या रविवारीही गेलो असतो."

विनयाने मान हलवली, तिला हे माहीतच असल्यासारखी. पर्समधून गाडीची किल्ली काढली.

"पार्किंगची वेळ संपत आलीय," ती म्हणाली. "गाडी हलवून येते. मग डॉक्टर येतील तेव्हा हेच त्यांनाही सांग. मी इथे बसून ऐकेन."